जेनोआ: तीन दिवसांत, पायी आणि लिफ्टने

इटलीची सहल ठरली की यादीत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान ही नावं आपोआप येतात. जेनोआ सहसा येत नाही. आलंच तर चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरच्या पाच गावांच्या गाडीत बसण्यापूर्वीचं एक स्टेशन म्हणून, नाहीतर क्रूझचा एक थांबा म्हणून. मला हे फार खटकतं. शतकानुशतकं व्हेनिसशी बरोबरी करणारं हे सागरी प्रजासत्ताक होतं, कोलंबस आणि व्हायोलिनवादक पागानिनी इथलेच, आणि मराठी वाचकाला तर इथे यायचं आणखी एक खास कारण आहे, त्याबद्दल पुढे येईलच. या शहराला निदान तीन पूर्ण दिवस द्या. ते कसे लावायचे, हे इथे क्रमाने सांगते.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. जेनोआ दर्शनी भागात काही दाखवत नाही. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधे जेमतेम जागा, म्हणून घरं सहा-सात मजले उंच गेली आणि गल्ल्या दोन हात पसरले तर भिंतींना लागतील इतक्या अरुंद राहिल्या. काळपट भिंतीतल्या एखाद्या साध्या दारातून आत गेलात तर संगमरवरी जिना, चौक, कारंजं आणि छतभर रंगवलेली चित्रं दिसतात. त्यामुळे इथे दारं उघडी दिसली की आत डोकवायची सवय ठेवा.

जायच्या आधी

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. ऑगस्टमध्ये उकाडा असतो आणि १५ ऑगस्टच्या आसपास गावातली बरीच लहान दुकानं सुट्टीवर जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस हलक्यात घेऊ नका. डोंगरावरून येणारे ओढे शहराच्या पोटातून वाहतात, आणि २०११ व २०१४ च्या शरद ऋतूत इथे मोठे पूर आले होते. तारखा जुळत असतील तर ‘रोल्ली डेज’ गाठा. वसंतात आणि शरदात काही दिवस, एरवी बंद असलेले खासगी वाडे लोकांसाठी खुले होतात आणि आत माहिती सांगायला तरुण अभ्यासक उभे असतात. तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून आधी पाहा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमासंरक्षण लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या व्हिसा केंद्रात तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा हे काम शेवटावर ठेवू नका.

जेनोआला स्वतःचा विमानतळ आहे, नाव अर्थातच क्रिस्तोफोरो कोलोम्बो. पण भारतातून येणाऱ्याला मिलानला उतरून रेल्वेने जाणं सोयीचं. मिलान सेंट्रालेहून दीड ते दोन तास लागतात. फलकांवर आणि घोषणेत शहराचं नाव ‘जेनोव्हा’ असं येतं आणि स्टेशनं मुख्यतः दोन आहेत: पश्चिमेला पियाझ्झा प्रिंचिपे, पूर्वेला ब्रिन्योले. तिकीट काढताना यातलं नेमकं कुठलं ते पाहून घ्या. जुन्या शहरासाठी आणि बंदरासाठी प्रिंचिपे जवळ पडतं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारावा लागतो. विसरलात तर दंड होतो आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

राहायला व्हिया गारिबाल्दी ते पियाझ्झा दे फेर्रारी हा पट्टा मला सर्वांत पटतो. जुन्या इमारतीतली खोली घेणार असाल तर लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. जिने उभे असतात आणि मजले उंच. चाकांची मोठी बॅग फरसबंदीवरून चढावर ओढणं त्रासाचं होतं, तेव्हा सामान कमी ठेवा. प्रिंचिपेजवळच्या व्हिया दी प्रे या गल्लीत दिवसा जिवंत बाजार असतो, पण रात्री उशिरा तिथून आणि मादालेनाच्या आडगल्ल्यांमधून एकट्याने जाण्यापेक्षा मोठा रस्ता धरावा.

पत्ते शोधताना नवखा माणूस हमखास गोंधळतो. इथे एकाच रस्त्यावर घरांचे क्रमांक काळे आणि दुकानांचे क्रमांक लाल, असे दोन वेगळे क्रम चालतात. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ हे अक्षर असेल तर तो लाल क्रमांक समजायचा. १२ क्रमांकाचं दार सापडलं आणि तिथे खाणावळीऐवजी कुणाचं तरी घर निघालं, तर लाल १२ कुठे आहे ते शोधा. तो बराच पुढेही असू शकतो.

पहिला दिवस: आधी वर, मग खाली

बहुतेक जण थेट गल्ल्यांमध्ये शिरतात आणि तासाभरात दिशा हरवून बसतात. माझा आग्रह आहे की सकाळी पहिल्यांदा वर जा. पियाझ्झा देल पोर्तेल्लो या चौकात डोंगराच्या पोटात शिरणारा, फरश्या बसवलेला एक बोगदा आहे. त्याच्या टोकाला कास्तेल्लेत्तोची लिफ्ट मिळते. १९०९ पासूनची ही सार्वजनिक लिफ्ट रोजच्या वापरातली आहे. भाजीची पिशवी घेतलेल्या आजी, शाळेची मुलं आणि कुत्र्याला फिरायला नेणारे काका सगळे तिच्यातच असतात. शहरात अशा बऱ्याच लिफ्ट आणि दोरखंडावर चालणाऱ्या छोट्या रेल्वे आहेत, त्या बससेवेचाच भाग आहेत. भाड्याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून दिवसभराच्या तिकिटात काय-काय येतं ते पहिल्याच खिडकीवर विचारून घ्या.

वर गेल्यावर कठड्याशी उभे राहा आणि शहराचा नकाशा डोळ्यांनी वाचा. समोर करड्या पाटीच्या दगडाची छपरं एकमेकांना चिकटून खाली उतरत जातात. त्यांच्या मधल्या काळ्या रेघा म्हणजे गल्ल्या, स्थानिक भाषेत ‘कारुज्जी’. त्यापलीकडे जुनं बंदर, आणि उजव्या हाताला दूरवर लांतेर्ना हे दीपगृह. सगळ्या गल्ल्यांचा उतार समुद्राकडे आहे, हे इथूनच ध्यानात येतं. पुढचे तीन दिवस रस्ता चुकलात तर उतार धरून चालत राहायचं, बंदर येतंच.

खाली उतरलात की काही पावलांवर व्हिया गारिबाल्दी आहे, जुन्या काळची ‘स्त्रादा नुओव्हा’, म्हणजे नवा रस्ता. सोळाव्या शतकाच्या मध्यात शहरातल्या सर्वांत श्रीमंत सावकार घराण्यांनी हा सरळ रस्ता आखून घेतला आणि दोन्ही बाजूंना वाडे बांधले. स्पेनच्या राजाला कर्ज देणारी ही मंडळी. प्रजासत्ताकाला राजा नव्हता, तेव्हा राजवाडाही नव्हता. मग परदेशचे राजे, सरदार, धर्मगुरू आले तर उतरवायचे कुठे? १५७६ मध्ये सिनेटने याद्या करायला लावल्या. कुणाचा वाडा किती मोठ्या पाहुण्याच्या तोलाचा, त्यानुसार गट पाडले आणि पाहुणा आला की त्या गटातून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने सरबराई करायची. या याद्यांना ‘रोल्ली’ म्हणत. यादीत नाव असणं हा मान होता आणि खर्चही. चित्रकार रूबेन्स या वाड्यांवर इतका खूश झाला की त्याने १६२२ मध्ये त्यांचे नकाशे छापून प्रसिद्ध केले. यांतले ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

रोस्सो, ब्यांको आणि दोरिया-तुर्सी हे तीन वाडे मिळून एक संग्रहालय आहे, एकाच तिकिटावर तिन्ही पाहता येतात. निवांत अर्धा दिवस द्या. रोस्सोमध्ये व्हॅन डाइकने रंगवलेली इथल्या उमराव कुटुंबांची चित्रं आहेत आणि गच्चीवर जायची सोय आहे, ती चुकवू नका. ब्यांकोमध्ये काराव्हाज्जोचं ‘एच्चे होमो’ पाहा. तुर्सीचा अर्धा भाग आजही नगरपालिकेचं मुख्यालय आहे. तिथेच पागानिनीचं व्हायोलिन ठेवलं आहे. १७४३ मध्ये ग्वार्नेरी देल जेझू या कारागिराने बनवलेलं, आवाज इतका दणदणीत की पागानिनी त्याला ‘तोफ’ म्हणायचा. त्याने ते मृत्युपत्राने आपल्या गावाला दिलं. काचेपाशी थोडं थांबून पाहा, दीड-दोन शतकांहून जास्त काळ झालेल्या झिजेच्या खुणा लाकडावर दिसतात. सोमवारी अनेक संग्रहालयं बंद असतात, तेव्हा पहिला दिवस सोमवारी येत असेल तर क्रम बदला.

दुपार: कारुज्जी

आता गल्ल्या. इथे फोनवरचा नकाशा अनेकदा फसतो, कारण उंच भिंतींमुळे सिग्नल नीट मिळत नाही. मी ठरावीक वाट सांगण्याऐवजी चार-पाच खुणा देते, त्यांच्या मधे खुशाल भटका.

पहिली खूण पियाझ्झा बांकी. सावकार इथे बाकं टाकून व्यवहार करायचे. चौकातलं सान पिएत्रोचं चर्च जमिनीवर नाही, एका मजल्यावर आहे आणि खाली दुकानं. चर्च बांधायला पैसा हवा होता, म्हणून दुकानांचे गाळे विकून तो उभा केला. या गावाचा स्वभाव एका इमारतीत पाहायचा तर ती ही.

तिथून सोत्सिल्या चौकात रोमानेंगो हे मिठाईचं दुकान आहे. घराण्याचा हा धंदा १७८० पासूनचा. साखरेत पाकवलेली फळं, साखर चढवलेली व्हायोलेटची फुलं, बडीशेपेच्या गोळ्या, आणि वसंत ऋतूत गुलाबाचा पाक. थोडंसंच घ्या, पण घ्या.

पुढे सान मात्तेओचा छोटा चौक लागतो. दोरिया घराण्याची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घरं आणि त्यांचं खासगी चर्च एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. इथून दोन मिनिटांवर सान लोरेन्झोचं कॅथीड्रल. आत उजव्या बाजूला एक तोफगोळा ठेवलेला दिसेल. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश युद्धनौकांनी शहरावर मारा केला, तेव्हा हा छप्पर फोडून आत पडला आणि फुटला नाही. कॅथीड्रलच्या खाली कोषसंग्रहालय आहे, ते पाहिल्याशिवाय निघू नका. तिथे हिरव्या काचेचं एक षट्कोनी भांडं आहे. धर्मयुद्धात सिसेरियाहून आणलेलं हे भांडं अखंड पाचूचं आहे आणि खुद्द येशूच्या शेवटच्या भोजनातलं आहे, अशी शतकानुशतकं श्रद्धा होती. नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला नेलं गेलं, परत आलं ते तुटलेल्या अवस्थेत, आणि ते काचेचं असल्याचं उघड झालं. गावाने ते तरीही जपून ठेवलं आहे. शेजारच्या धर्मप्रांत संग्रहालयात निळीने रंगवलेल्या लिननच्या कापडांवर येशूच्या यातनांचे प्रसंग पांढऱ्या रंगात चितारलेले आहेत. काम सोळाव्या शतकातलं आहे आणि निळा रंग अजून उतरलेला नाही.

पोर्ता सोप्राना या बाराव्या शतकातल्या वेशीपाशी ‘कोलंबसचं घर’ दाखवतात. फ्रेंच नौदलाने १६८४ मध्ये शहरावर तोफा डागल्या, त्यानंतर अठराव्या शतकात हे घर पुन्हा बांधलेलं आहे. बाहेरून बघा, आत तिकीट काढून जाण्याइतकं मला तिथे काही वाटलं नाही. त्यापेक्षा शेजारचे सान्त आंद्रेआच्या मठाचे खांब जास्त सुंदर आहेत.

पोटोबा

जेनोआत शाकाहारी माणसाची चंगळ होते, आणि मासेखाऊंचीही. आधी फारिनाता. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बस. वाचूनच तुम्हाला धिरडं आठवलं असेल, पण तव्याऐवजी इथे भट्टी असते. पीठ कित्येक तास भिजत ठेवतात, वर आलेला फेस काढून टाकतात. आतून कल्हई केलेलं, हात पसरावे एवढं रुंद तांब्याचं ताट असतं, त्यात तेलाचा थर ओततात आणि त्यावर हे पातळ पीठ. मग लांब दांड्याने ताट लाकडाच्या धगधगत्या भट्टीत सरकवतात. ताट आडवं, अगदी समपातळीत राहावं लागतं, नाहीतर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला करपलेलं निघतं. बाहेर येते तेव्हा वरून सोनेरी पापुद्रा, कडा कुरकुरीत आणि आत मऊ, लोण्यासारखं. सुरीने वेडेवाकडे तुकडे करून कागदावर देतात. वर मिरपूड घाला आणि उभ्यानेच खा, गार झाली की मजा गेली. अनेक ठिकाणी ती ठरावीक वेळीच निघते, बहुधा संध्याकाळी, म्हणून दुकानात शिरल्यावर आधी ‘आत्ता गरम आहे का’ हे विचारा. कधीकधी त्यात बारीक मासे किंवा कांदा घालतात. साधी हवी असेल तर तसं सांगा.

सकाळी फोकाच्चा. बोटांनी खड्डे पाडलेली, तेल आणि जाड मीठ लावलेली ही चपटी पाव-रोटी इथले लोक चक्क कापुचिनोत बुडवून खातात. एकदा करून पाहा. अगदी काटेकोर शाकाहारी असाल तर बेकरीत विचारा, कारण काही जण पिठात चरबी घालतात.

आणि पेस्तो. प्रा या उपनगरातल्या हरितगृहांत वाढणारं कोवळ्या, लहान पानांचं बेसिल, लसूण, चिलगोजे, जाड मीठ, पार्मेजानो आणि मेंढीच्या दुधाचं चीज, आणि लिगुरियाचं सौम्य ऑलिव्ह तेल. संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने, घाई न करता वाटायचं. मिक्सरच्या पात्याने आणि उष्णतेने पानं काळवंडतात, म्हणून अजूनही खलाचा आग्रह आहे. दर दोन वर्षांनी डोजेच्या, म्हणजे जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, वाड्यात पेस्तोची जागतिक स्पर्धा भरते आणि शंभर स्पर्धक एकाच वेळी खल घेऊन बसतात. मागवताना त्रोफ्ये किंवा त्रेनेत्ते हे पास्त्याचे प्रकार मागा, बटाटा आणि फरसबी घातलेले. तिन्ही एकाच पाण्यात उकडतात आणि बटाटा थोडा विरघळून पेस्तोला धरून ठेवतो. एक सूचना: पार्मेजानोत वासराच्या जठरातून काढलेलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीजशिवायचा पेस्तो मिळेल का हे आधीच विचारावं. सगळीकडे मिळत नाही.

अक्रोडाच्या सॉसमधले पान्सोत्ती, म्हणजे सारण भरलेला पास्ता, पालेभाजी-अंडं-चीज भरलेली तोर्ता पास्क्वालिना आणि डाळीच्या पिठाचे तळलेले पानिस्सा हेही सोडू नका. मासे हवे असतील तर बंदरासमोरच्या सोत्तोरिपाच्या कमानीखाली तळणीची दुकानं आहेत. कागदी पुड्यात अँकोव्ही आणि स्क्विड देतात. बसून जेवायच्या ठिकाणी स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतं आणि संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत उघडत नाही. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडे पैसे लावलेले असतात, ती फसवणूक नाही, तिथली रीतच आहे.

दुसरा दिवस: बंदर

सकाळी पालात्सो सान जोर्जोपासून सुरुवात करा. समोरच्या भिंतीवर रंगीत भित्तिचित्रं असलेली ही इमारत १२६० ची. १४०७ मध्ये स्थापन झालेली सान जोर्जोची पेढी, युरोपातल्या सर्वांत जुन्या बँकांपैकी एक, तिचं कामकाज इथून चालायचं. त्याही आधी, १२९८ च्या कुर्झोलाच्या लढाईत व्हेनिस हरलं आणि मार्को पोलो जेनोआचा कैदी झाला. परंपरा सांगते की तो याच इमारतीत होता. कैदेत त्याने पिसाच्या रुस्तिकेल्लोला आपला प्रवास सांगितला आणि त्याने तो लिहून काढला. त्या वृत्तांतात ‘ताना’च्या राज्याचं वर्णन येतं, म्हणजे आपलं ठाणं. तिथल्या कातड्याची, सुती कापडाची आणि चाच्यांची नोंद या धक्क्यावर बसून झाली, हे आठवलं की इमारतीकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

जुन्या बंदराचं आजचं रूप रेन्झो पियानोने घडवलं. तो इथलाच, १९३७ चा जन्म. कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षं झाली त्या १९९२ च्या प्रदर्शनासाठी त्याने कुंपणाआड गेलेला हा किनारा लोकांसाठी मोकळा केला. मत्स्यालय त्याच वेळचं, युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. बरोबर मुलं असतील तर अर्धा दिवस तिथे आनंदात जाईल. मोठीच माणसं असाल तर रांग आणि तिकीट पाहता मी ते वगळेन आणि तो वेळ गालाता सागरी संग्रहालयाला देईन. तिथे जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, अमेरिकेकडे निघालेल्या गरीब इटालियन स्थलांतरितांचा सगळा प्रवास मांडलेला आहे, आणि बाहेर पाण्यात ‘नाझारिओ साउरो’ ही खरी पाणबुडी बांधून ठेवली आहे. आत वाकून, गोल दारांतून पाय उचलत जावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करावा.

दुपारी लांतेर्ना. आजचं दीपगृह १५४३ चं, उंची सुमारे ७६ मीटर, शिवाय खाली खडक. १४४९ मध्ये इथला दिवा राखायचं काम कोलंबसच्या काकांकडे होतं. फेरी टर्मिनलच्या बाजूने पायवाट आहे. खाली कंटेनर आणि क्रेन दिसतात आणि तेच मला आवडतं, कारण हे बंदर अजून राबतं आहे. आत १७२ पायऱ्या चढून पहिल्या सज्जापर्यंत जाता येतं. उघडण्याचे दिवस मर्यादित असतात, आधी पाहा.

तिसरा दिवस: मॅझिनीच्या गावात

आता ते खास कारण. जोसेफ मॅझिनी २२ जून १८०५ रोजी जेनोआत जन्मला. त्याच्या ‘तरुण इटली’ या क्रांतिकारी संघटनेने आपल्याकडच्या क्रांतिकारकांना वेड लावलं. सावरकरांनी लंडनला गेल्यावर मॅझिनीचं आत्मचरित्र आणि लेखन मराठीत आणलं, ते १९०७ मध्ये छापलं गेलं आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. ज्या माणसासाठी महाराष्ट्रातल्या पोरांनी पुस्तकं लपवून वाचली, त्याचं घर व्हिया लोमेल्लिनीवर ११ क्रमांकाला आहे. आता तिथे इटलीच्या एकीकरणाचं संग्रहालय आहे. गर्दी नसते. गारिबाल्दीच्या माणसांचे लाल सदरे, झेंडे, पत्रं, आणि इटलीचं राष्ट्रगीत लिहिणाऱ्या मामेली या जेनोआच्याच तरुणाचे कागद इथे आहेत.

मॅझिनीची समाधी स्ताल्येनोच्या स्मशानभूमीत आहे. स्मशान काय बघायचं, असं म्हणू नका. ३४ क्रमांकाच्या बसने बिसान्यो नदीच्या खोऱ्यात जावं लागतं. प्रवेश विनामूल्य, पण दरवाजे दुपारनंतर लवकर बंद होतात, म्हणून सकाळीच जा. १८५१ मध्ये सुरू झालेली ही जागा म्हणजे डोंगरउतारावर पसरलेलं शिल्पसंग्रहालय आहे. खालच्या लांबच लांब ओवऱ्यांमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांनी आपल्या माणसांची संगमरवरी शिल्पं उभी केली आहेत. विधवेच्या शालीची जाळी, गाउनच्या बटणांची भोकं, खुर्चीची वीण, सगळं दगडात.

त्यात कातेरीना काम्पोदोनिको शोधा. ही जत्रांमधून हेझलनटच्या माळा आणि कडबोळ्यासारखे गोड पाव विकणारी बाई. पै-पै साठवून तिने जिवंतपणीच, १८८१ मध्ये, लोरेन्झो ओरेंगो या नावाजलेल्या शिल्पकाराकडून स्वतःचा पुतळा करवून घेतला. श्रीमंतांच्या ओळीत ती ठेवणीतला पोशाख घालून, हातात माळा आणि पाव घेऊन उभी आहे. चेहरा सुरकुतलेला, नजर सरळ. शिल्पकाराने तिला तरुण केलेलं नाही आणि तिनेही ते मागितलं नसावं. ओनेतो कुटुंबाच्या थडग्यावरचा मोन्तेव्हेर्देचा देवदूत जगभर प्रसिद्ध आहे, पण मी दहा मिनिटं जास्त देईन ती कातेरीनाला.

मॅझिनी वर झाडीत आहे. चढ आहे, पाणी बरोबर ठेवा. टेकडीत खोदलेली समाधी, पुढे बुटके जाड खांब आणि माथ्यावर फक्त नाव. १८७२ मध्ये तो पिसात वारला तो खोट्या नावाने राहत असताना, कारण ज्या एकसंध इटलीसाठी आयुष्य घातलं तिच्या राजेशाहीला तो शेवटपर्यंत नको होता. त्याच डोंगरावर ऑस्कर वाइल्डची पत्नी कॉन्स्टन्स हिची कबरही आहे.

दुपारी शहरात परता आणि पूर्वेकडे निघा. कोर्सो इतालिया या समुद्रकाठच्या रस्त्याने पायी चालत गेलात की बोक्कादास्से लागतं. पिवळ्या-गुलाबी घरांची ही कोळ्यांची जुनी वस्ती, मधे गोट्यांचा चिमुकला किनारा आणि वर ओढून ठेवलेल्या होड्या. रविवारी संध्याकाळी अख्खं जेनोआ इथे आइस्क्रीम घेऊन बसलेलं असतं, जमल्यास कामाच्या दिवशी या. पुढे क्वार्तो आहे, जिथून मे १८६० मध्ये गारिबाल्दी हजार माणसं घेऊन सिसिलीला निघाला. खडकावर त्याची खूण आहे. दम असेल तर गाडीने नेर्व्हीपर्यंत जा. स्टेशनाच्या मागूनच खडकांच्या कडेने सुमारे दोन किलोमीटरची सपाट पायवाट सुरू होते. तिला गारिबाल्दीच्या पत्नीचं, अनिताचं नाव दिलं आहे. वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर तिन्ही दिवसांतला त्यांच्यासाठी सर्वांत सुखाचा तास हाच ठरेल.

क्रूझवरून उतरलात तर

हातात सहा-सात तास असतील तर सगळं पाहायच्या भानगडीत पडू नका. धक्क्यावरून पायी प्रिंचिपे, तिथून व्हिया बाल्बीने पोर्तेल्लो, लिफ्टने वर, खाली येऊन व्हिया गारिबाल्दीवरचा फक्त रोस्सो वाडा, मग उतारावरून गल्ल्यांतून सान लोरेन्झो, सोत्तोरिपाला फारिनाता आणि बंदराच्या कडेने जहाजावर परत. टॅक्सी कुठेच लागत नाही. जहाजांवर काम करणारी गोव्याची आणि कोकणातली पुष्कळ मुलं या बंदरात येतात आणि बंदरासमोरच्या दुकानांपलीकडे जात नाहीत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर पुढच्या मोकळ्या दुपारी निदान ती लिफ्ट घ्या.

चौथा दिवस मिळाला तर कामोल्यीला जा. गाडीने तिथे उतरून होडीने सान फ्रुत्तुओसोच्या मठापर्यंत जाता येतं. समुद्र खवळलेला असेल तर होड्या बंद असतात. परतताना रेक्को स्टेशनला उतरा आणि पापडासारख्या दोन पातळ थरांमध्ये वितळलेलं चीज भरलेली तिथली फोकाच्चा खा.

पेस्तो घरी न्यायचा तर शीतकपाटातला ताजा घेऊ नका, प्रवासात टिकत नाही. सीलबंद बाटल्या घ्या आणि चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा, कारण सुरक्षातपासणीत पेस्तो द्रवपदार्थ धरला जातो. जेनोआच्या विमानतळाची गोष्ट थोडी वेगळी. २०१७ मध्ये तिथे आजारी मुलांना उपचारासाठी विमानाने नेणाऱ्या संस्थेला छोटी देणगी देऊन बाटली हातातल्या सामानात नेण्याची सोय सुरू झाली, थेट विमानांपुरती. तिथून उडणार असाल तर ती चालू आहे का, हे काउंटरवर विचारा. मिलानहून उडणार असाल तर बाटल्या मोठ्या बॅगेतच ठेवा.